डावी बाजू चालत नाही

आमच्या कारखान्यात विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचं एक खातं होतं आणि त्या खात्यात एक माणूस होता, ज्याला सगळे ‘पुन्हा’ म्हणायचे. नाव त्याला होतं, पगारपत्रकावर दर महिन्याला छापूनही यायचं, पण वापरलं कोणी नाही. नवा कामगार दिवसभर मान मोडून एक गुंडाळी पुरी करायचा आणि घाम पुसत त्याच्यासमोर ठेवायचा. हा ती हातात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, “पुन्हा.” कारण सांगायचा नाही. कारण सांगितलं असतं तर ते शिकवणं झालं असतं, आणि शिकवण्यासाठी त्याची नेमणूक झालेली नव्हती.

मी तिथेच फिटर होतो. दोघेही एकाच वर्षी निवृत्त झालो. निरोपाला दोघांना भिंतीवरची घड्याळं मिळाली. त्याने आपलं घड्याळ घरी नेऊन आधी उघडलं, ‘बांधणी वाईट’ म्हणाला, आत काहीतरी केलं आणि मग लावलं. माझं चौथ्या महिन्यात बंद पडलं.

निवृत्तीनंतर माणसं सकाळी फिरायला जातात आणि संध्याकाळी तब्येतीवर बोलतात. ह्याने खिडकीपाशी टेबल मांडून हेडफोनच्या वायरी दुरुस्त करायला घेतल्या. मोटार आता उचलवत नव्हती, हेडफोन उचलवत होता. आत तांबं तेच, फक्त केसासारखं. त्या तारांवर लाल-हिरवं रोगण असतं आणि ते जाळल्याशिवाय तार जोडणारा कथलाचा डाग धरत नाही. बाजारातली मंडळी ते जाळत बसत नाहीत. तारा पिळतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात आणि गॅरंटी देतात. हा एका जोडाला अर्धा दिवस घ्यायचा आणि गॅरंटी मागितली तर वस्तू परत करायचा.

वायर बहुतेक वेळा पिनेपाशीच तुटते, कारण लोक काढताना पिन धरत नाहीत, वायर धरून ओढतात. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. प्रत्येक जण मान डोलवायचा आणि काही महिन्यांनी तसंच ओढून तोडलेला हेडफोन घेऊन यायचा. धंदा अशा निष्ठेवरच चालतो.

कारखान्यातली एक रीत मात्र त्याने घरीही सोडली नाही. ज्याने मोटार गुंडाळली त्याने ती चालवून बघायची नाही, असा आमच्याकडे नियम होता. चाचणीचं खातं वेगळं, भिंतीपलीकडे. तिकडून ‘नापास’ची चिठ्ठी आली की वाद घालायचा नाही, मुकाट्याने सोडून परत गुंडाळायची. त्यामुळे हा मीटर लावून तार अखंड आहे एवढं बघायचा, पण ऐकून सांगायचं काम गिऱ्हाइकाचं. इतके हेडफोन दुरुस्त केले, त्यातला एकही त्याने स्वतःच्या डोक्याला लावला नव्हता.

त्याची एकुलती एक मुलगी चौकशीच्या कचेरीत टायपिस्ट लागली. कोणाची तरी चौकशी व्हायची, ती रेकॉर्ड व्हायची आणि हिने ती ऐकून शब्दाला शब्द टाइप करायची. सहा महिने हंगामी. शेवटी हेडक्लार्कचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर घरी. ह्या नोकरीसाठी तिने तीन वर्षं परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष त्या एका शेऱ्याकडे होतं.

तिसऱ्या महिन्यात तिच्या कामातून प्रश्न नाहीसे व्हायला लागले. रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून विचारणारा डावीकडे आणि उत्तर देणारा उजवीकडे घेतलेला असायचा. हिला डावीकडून काही येईना. कागदावर नुसतं उतरायचं : हो. नाही. आठवत नाही. हो, हिरवी. हेडक्लार्कने कागद परत केले. “सगळ्यांनी उत्तरं दिलीत बाई, पण कशाची ते कळत नाही. प्रश्न काय घरी विसरलात?”

दुसरा हेडफोन मिळेना. कचेरीचा हेडफोन म्हणजे मालमत्ता, त्यावर रंगाने नंबर घातलेला. मोडीत निघायला त्याला अजून चार वर्षं होती. दुरुस्तीला बाहेर न्यायचा तर गेटपास, तोही शनिवारी, आणि सही करणारा साहेब जागेवर असला तर. तिने पास काढला आणि हेडफोन बापासमोर ठेवला.

“डावी बाजू चालत नाही, बाबा.”

त्याने पिन कापून नवी लावली. सरावासाठी कचेरीने दिलेलं एक रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलमध्ये होतं, एका हरवलेल्या सायकलीची चौकशी. ते लावून तिने ऐकलं.

“नाही चालत.”

वाद नाही. चाचणी खात्याने नापास केलं, विषय संपला. पुढचा गेटपास तीन आठवड्यांनी मिळाला. ह्या वेळी त्याने कानांवरचे दोन्ही भोंगे उघडून आतले डाग नव्याने दिले. पुन्हा नापास. त्यानंतर महिन्याने त्याने जुनी वायरच फेकली आणि नवी विणली. चार तारा, एकीवर एक वेणी घातलेल्या, वर कापडी आवरण, वाकते तिथे आवळून बसवलेली नळी. त्या वायरीला टांगून मोटार उचलता आली असती. मुलीने ती लावली आणि बापाकडे बघायचं टाळत म्हणाली, “नाही.”

“आण,” तो म्हणाला आणि चिमटा उचलला.

मी तिथेच होतो. त्या घरात माझं काम चहा पिणं आणि नको तेव्हा बोलणं. एवढी शोभिवंत वायर परत फाडली जाणार म्हणून मी हेडफोन आधी माझ्या डोक्याला लावला. डावीकडून एक जाडा आवाज विचारत होता, “सायकल कुठे लावली होती?” उजवीकडून कोणीतरी म्हणालं, “भिंतीला.”

“दोन्ही चालतात,” मी म्हणालो.

“चालत नाहीत. तिने नापास केलाय.”

“अरे, मला ऐकू येतंय!”

“तू फिटर आहेस.”

“म्हणजे कान नाहीत मला?”

“अहो, काय शाळेतल्यासारखं चाललंय तुमचं. द्या इकडे, भावोजी,” म्हणत स्वयंपाकघरातून आलेल्या त्याच्या बायकोने, वहिनींनी, ओल्या हाताने हेडफोन घेतला आणि पदर सारखा करून लावला. “रंग कोणता म्हणून विचारतोय मेला. इकडूनच विचारतोय, डावीकडून.”

त्याने चिमटा खाली ठेवला. मग हेडफोन घेतला, उलटा केला आणि डावा भोंगा मुलीच्या उजव्या कानावर बसवला.

“सांग.”

तिने ऐकलं. “आता नुसते प्रश्न येतायत,” ती म्हणाली. “उत्तरं गेली.”

मोबाइलमध्ये सायकलीची चौकशी चालूच होती. तिनेच हेडफोन काढला. “मला ताप आला होता ना, बाबा, तेव्हापासून कानाला दडा बसल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, सर्दी आहे, जाईल.”

सोमवारी आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. आम्ही म्हणजे सगळेच, जणू कान चौघांत मिळून एक होता. डॉक्टरने तपासलं, यंत्राला बसवलं, कागदावर रेघा काढल्या. मग विचारलं, “किती दिवस झाले?”

“दोन महिन्यांवर,” तो म्हणाला.

“लगेच यायला हवं होतं. सुरुवातीच्या दिवसांत औषधाने काही जमलं असतं कदाचित. आता मी आशा लावणार नाही. इतके दिवस केलंत काय?”

दुसऱ्या कोणा बापाने कामाचा ताण सांगितला असता, नाहीतर पोरीवर ढकललं असतं. हा म्हणाला, “वायर दुरुस्त करत होतो. वायर चांगली होती.”

डॉक्टरला यातलं काही कळलं नाही. त्याने पुढच्याला आत बोलावलं.

शेऱ्याला तीन आठवडे उरले होते. वहिनी म्हणाल्या, “सोड ती नोकरी. दुसऱ्यांची भांडणं ऐकून काय मिळतं?”

“सोडू कशाला? माझा उजवा कान कामावर आहे अजून,” मुलगी म्हणाली. “बाबा, दोन्ही आवाज एकाच बाजूला आणता येतात का?”

ह्या घरात त्याला कोणीतरी पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारला होता. तो उठून टेबलाशी गेला.

डावी आणि उजवी तार नुसती एकत्र पिळली तरी आवाज येतो. बाजारात तेच करतात. पण मग दोन्हीकडचा प्रवाह एकमेकांत घुसतो आणि ज्या यंत्राला हेडफोन जोडायचा त्याच्यावर ताण येतो. ह्याने दोन्ही वाटांवर प्रवाह अडवणारा तांदळाएवढा एकेक रेझिस्टर घातला आणि त्यानंतरच त्या एकत्र केल्या. तेवढ्याने आवाज जरा उतरतो. म्हणून डावा भोंगा त्याने सोडवूनच टाकला. “दोन भोंग्यांत वाटायला इथे आवाज जास्त झालेला नाही,” म्हणाला. डाव्या कानाबद्दल तो जे काही बोलला, ते एवढंच.

पिनेवर तीन डाग दिले. एकेक असा की साच्यातून काढावा. तिसरा गार होत असताना मी बघितलं, पिनेचं टोपण टेबलावर पडलं होतं. डाग देण्याआधी ते वायरीत ओवून ठेवायचं असतं, नंतर ते जात नाही. नवशिका पहिल्या दिवशी ही चूक करतो आणि दुसऱ्या दिवसापासून करत नाही. कारखान्यात ह्याच्या हातून असं झालं असतं तर मी सगळ्या खात्यांत हिंडून सांगून आलो असतो. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मागे डाग द्यायची गन परत तापल्याचा वास आला. त्याने तिन्ही डाग सोडवले, टोपण ओवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं.

“चहा सांगू का?” मी विचारलं.

“सांग.”

मुलीने हेडफोन लावला. डोळे मिटून ऐकत राहिली आणि मग एकदम हसली. “सायकल कधीपासून नाहीये, असं विचारलंय त्याला! मंगळवारपासून. मी इतके दिवस समजत होते, त्याने ती मंगळवारी घेतली.”

बापाने पहिल्यांदाच तो हेडफोन तिच्या हातून घेऊन स्वतःच्या डोक्याला लावला. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. सायकल सापडली नाही.

महिनाअखेर हेडक्लार्कने तिला बोलावलं. कागद बदलले होते, आणि न सांगता काही बदललेलं त्याला चालायचं नाही. मालमत्ता तपासायची म्हणून त्याने हेडफोन मागवला, ऐटीत लावला आणि बोट उचललं.

“यात डावीकडे काहीच नाही. घरी नेऊन बिघडवून आणलात?”

वहिनींनी तिला बजावून पाठवलं होतं, कायम होईपर्यंत तोंड उघडू नकोस. ती म्हणाली, “बिघडलेला नाही, साहेब. माझा डावा कान बंद आहे, म्हणून सगळं उजवीकडे घेतलंय.”

त्याने हेडफोन काढून मालमत्तेची वही उघडली. वहीत ‘चालू’ आणि ‘नादुरुस्त’ असे दोनच रकाने होते. बराच वेळ तो त्या दोहोंमधल्या रेघेकडे बघत होता. मग वही बाजूला सारून त्याने तिचे कागद ओढले आणि रेकॉर्डिंग लावून चार पानं ओळीओळीने तपासली. पाचवं तपासायला त्याला काही कारण सापडलं नाही. शेऱ्यात लिहिलं, काम समाधानकारक, कायम करण्यास हरकत नाही.

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं. वहिनी रडल्या, मी दुसरा चहा मागितला. तो टेबलावरून उठलाही नाही.

“जोड बघितला का त्याने?”

“नाही.”

“टोपण उघडूनसुद्धा नाही?”

“नाही हो, बाबा.”

“मग बघितलं काय त्या माणसाने?”

“प्रश्न,” ती म्हणाली. “सगळे होते.”