टपावरचं पोतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला पाहिजे होतं त्या बहिणीला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ रेटत नाही.

लातूरच्या ऑफिसात मी नोकरी केली, तिथं माझी एक ख्याती होती. कुणी पोराबाळांना घेऊन फिरायला निघालं की आधी माझ्या टेबलाशी यायचं — भाऊसाहेब, म्हैसूरला चाललोय, तिथल्या झूत काय बघावं? मी सांगायचो. वाघ-हत्ती कुठंही दिसतात हो, म्हैसूरला जाताय तर सिंहाच्या शेपटीचं काळं माकड बघा, तोंडाभोवती पांढरी आयाळ असते त्याच्या. दार्जिलिंगला लाल पांडा. गुवाहाटीला सोनेरी वानर, तिकडं जाणं झालं तर सोडू नका. काय नाद आहे भाऊसाहेबांना, म्हणायचे लोक. मी हसायचो. नाद कसला? चोराला पोलीस चौक्या पाठ असतात तसलं माझं पाठांतर. ते कसं झालं, तेच सांगायचंय — आणि बघा, अजून मी माकडांबद्दलच बोलतोय.

तर. लातूर उस्मानाबादेतून फुटून नवाच जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं, नव्या जागा. आमच्या निलंग्याकडची शिकलेली पोरं लातूरकडं डोळे लावून बसलेली, त्यात मीही. बी.ए. होऊन घरी होतो. आणि आदल्या साली पावसानं दडी मारलेली. विहिरींनी तळ दाखवला होता, माय लांबच्या शिवारातून डोक्यावर घागर आणायची. माय आणि धाकटी बहीण शकू रोजगार हमीवर पाझर तलाव खोदायला जायच्या. मी जात नव्हतो. बी.ए. ना मी.

एक दिवस खोदताना बिळातून जनावर निघालं. मांजराएवढं, तोंड मुंगसासारखं निमुळतं, आणि अंगभर खवले. असलं काही कुणी बघितलेलंच नव्हतं. कुणी म्हणे मगरीचं पिल्लू, कुणी म्हणे ही अवदसाच, हिच्यापायीच पाऊस पडला न्हाई. मुकादमानं पहार उचलली. तशी शकूनं डोक्यावरचं घमेलं रिकामं केलं, त्या जनावरावर पालथं घातलं आणि वर बसली.

"ऊठ पोरी, हजेरी काटीन," मुकादम म्हणाला.

"काटा," ती म्हणाली. उठली नाही.

शाळेतल्या गुरुजींनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. खवल्या मांजर. लई दुर्मिळ, म्हणाले, झूतसुद्धा क्वचितच बघायला मिळतं. लातूरला वन खात्याच्या ऑफिसात नेऊन दिलं तर ते हैदराबादच्या झूत पाठवतील, तिथं जगेल. तोवर शकूनं ते दुरडीखाली ठेवलं. कामावरून आली की वारुळं शोधत हिंडायची, वाळवी गोळा करून आणायची. त्याची ती लांब चिकट जीभ बाहेर आली की हसत सुटायची. घरात आम्हाला खायला फारसं नव्हतं, पण त्या खवल्याचं पोट भरलंय का याची तिला काळजी.

आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. लातूरलाच. सगळ्यांनीच ठरवलं, दादा चाललाच आहे तर नेईल.

शकूनं ते पोत्यात घातलं, पोतं ओलं केलं, तोंड सैल बांधलं. तिच्या वाट्याचं पिण्याचं पाणी तिनं बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "दादा, मांडीवर ठेव. पोतं वाळू देऊ नको, ह्याला ऊन सोसत न्हाई म्हनले गुरुजी. माझी मी बघते पान्याचं." मी हाव म्हणालो.

इथं जरा थांबतो. पुढचं कळायला एक गोष्ट सांगावी लागेल, पण ती सबब म्हणून ऐकू नका.

आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढली होती, बापानंही ओढली. दीक्षा घेतल्यावर बापानं ते काम सोडलं. त्यापायी मार खाल्ला, आमच्या वस्तीचं पाणी तोडलं, पण त्यानं मेल्या जनावराला परत हात लावला नाही. आणि त्या उन्हाळ्यात गावोगाव ढोरं मरून पडत होती. काही लोक पुन्हा आमच्या वस्तीकडं बघायला लागले होते. अशा दिवसांत मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निलंग्याला लातूरच्या एसटीत चढलो — हातात पोतं. पोत्याला वास होता, उग्र. शेजारच्या बाकावर आमच्याच गावचा एकजण होता. त्यानं नाकाला उपरणं लावलं. "काय रं, ढोर हाय का पोत्यात? पुन्यांदा सुरू केलं व्हय?" चारजण हसले.

काय म्हणायला पाहिजे होतं मी? पोतं उघडून दाखवायला पाहिजे होतं. बघ म्हणायला पाहिजे होतं, तुझ्या सात पिढ्यांनी बघितलं नसेल ते. मी म्हणालो, "माझं न्हाई. कुणीतरी पोचवायला दिलंय." आणि कंडक्टरला सांगून पोतं टपावर टाकायला लावलं.

तुम्ही म्हणाल, चूक त्या माणसाची. होतीच. त्याला मी आजही माफ केलेलं नाही. पण बाटली त्याच्या हातात नव्हती, माझ्या हातात होती.

औशाला गाडी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. टपावर जायची शिडी मागंच होती. वर चढून पोत्यावर पाणी मारायला कितीसा वेळ लागला असता? तो माणूस खिडकीशी शेंगा फोडत बसला होता. मी जागेवरून हललो नाही. मे महिना — टपाचा पत्रा भाकरी भाजावी असा तापलेला. मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

लातूरला टपावर चढलेल्या हमालानं विचारलं, पोतं कुणाचं? मी दुसरीकडं तोंड फिरवलं. त्यानं ते खाली टाकलं. लोक पांगल्यावर मी ते उचलून कुंपणापाशी नेलं, तोंड सोडलं. आत ते गुंडाळी करून पडलं होतं. घाबरलं की ते गुंडाळी करतं, एवढं मला ठाऊक होतं, तेव्हा मी मनाशी म्हणालो — घाबरलंय. हात लावून बघितलं का? नाही. हात लावला असता तर कळलं असतं, म्हणून नाही लावला.

आता ते सांगतो, जे इतकी वर्षं सांगता आलं नाही. टपावर टाकलं, हे एक वेळ सांगितलंही असतं मी. बाटली भरलेली होती. तोंडावर फुफाटा बसला होता, कॉलर मळली होती. मी शकूच्या त्या पाण्यानं तोंड धुतलं. रुमाल भिजवून कॉलर पुसली. उरलेलं पिऊन टाकलं. पोत्यावर थेंबसुद्धा नाही. आणि मुलाखतीला गेलो.

मुलाखत चांगली झाली.

परत आलो तेव्हा पोत्याला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या-वाळवी खाऊन जगणारं जनावर ते. मी उभाच राहिलो. स्टँड झाडणारा एक म्हातारा झाडू घेऊन आला. "सायेब, हे तुमचं हाय का?" साहेब म्हणाला मला, शर्ट बघून. न्हाई, म्हणालो. त्यानं वाकून ते पोतं उचललं, गाड्यात टाकलं आणि गाडा ढकलत निघाला. माझ्या बापानं मार खाऊन जे काम टाकलं होतं, ते मी दुसऱ्या कुणाच्या तरी बापाकडून करून घेतलं. वर बाजूला सरकून त्याच्या गाड्याला वाट दिली.

घरी शकू दारातच उभी होती. दिलं का दादा? दिलं. काय म्हनले? लई खूश झाले, हैदराबादला धाडतो म्हणाले. ती त्या दिवशी वस्तीभर सांगत हिंडली. महिन्याभरात मला नोकरीची ऑर्डर आली.

पुढं तिचं लग्न झालं, बिलोलीला दिली. तिथून हैदराबाद काही लांब नाही. नवऱ्याच्या मागं लागून ती झूत गेली, पिंजरेच्या पिंजरे धुंडाळले, सापडलं नाही. दिवाळीला आल्यावर मला विचारलं. मी म्हणालो, ते रात्रीच निघतं, दिवसा बिळात झोपतं. हे खरंच आहे. खोटं टिकवायला खऱ्याचीच मदत घ्यावी लागते. ती परत गेली, या खेपेला तिथल्या माणसांना विचारून आली, असलं जनावर इथं नाही म्हणाले ते. आता? मग मी म्हणालो, दुसऱ्या झूत हलवलं असेल, असं करतात ते. कुठल्या? तेव्हापासून मी माहिती काढायला लागलो. कुठल्या झूत काय आहे, कुठलं दुर्मिळ जनावर कुठं बघायला मिळतं — पेपर, मासिकं, फिरून आलेली माणसं, कुणाला सोडलं नाही. शकूच्या पुढं कायम एक गाव असावं, म्हणून. ऑफिसात त्यालाच नाद म्हणत होते.

ती अंगणवाडीत सेविका होती. तिथल्या लेकरांना खवल्याची गोष्ट सांगायची, तिच्या नातवंडांनाही तीच गोष्ट पाठ आहे. त्या गोष्टीत मी आहे. चांगला आहे मी त्या गोष्टीत.

भुवनेश्वरजवळच्या झूत खवल्या मांजरं आहेत, तिथं त्यांना पिल्लंही होतात, हे मीच तिला सांगितलं होतं. इतक्या लांब ती कुठली जातेय, असा माझा अंदाज. परवा रिटायर झालेल्या सेविकांबरोबर ती तिथं गेली. तिथूनच फोन केला. मागं बायकांचा गलका चाललेला, आणि ही रडत होती, आनंदानं.

"दादा, दिसलं रे. काचेच्या पलीकडं हाय, वाळवी खाऊन राहिलंय. आपलं ते आता न्हाई राहिलं, एवढं कळतंय मला. इतकी वर्सं कुठं जगतंय. पन हे त्याच्याच वंशातलं असंल ना रे?"

"हाव," मी म्हणालो. "त्याचंच हाय."

मग ती बायकांना सांगताना ऐकू आली — बघा गं, माझ्या भावानं वाचवलं होतं ह्याच्या आज्याला.

त्या दिवशी एसटीत माणसं होती. हसणारी होती. नोकरीची गरज होती, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. परवा काय होतं? घरात मी एकटा. साठी उलटून गेलेली, पेन्शन चालू. फोनवर फक्त शकू होती, आणि ती मला कधीच हसली नसती. तरी तोंडातून तेच आलं, आणि येताना अडखळलंसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर मला — हेही सांगून टाकतो — बरं वाटलं.