प्रेमानंदभाऊंच्या डेस्कटॉपची सफाई

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कळमनुरीत छोटं दुकान आहे आणि आजूबाजूच्या गावांतल्या मशिनी गाडीवरून जाऊन बघतो. लोकांनी स्क्रीनवर घातलेला पसारा दिसला की माझं डोकं फिरतं. सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून न विचारताच साफ करून टाकायची मला खोड लागली. त्या खोडीचा मला अभिमानही होता.

डोंगरकड्याचे प्रेमानंदभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. टायपिंग-झेरॉक्सचं एका खोलीचं दुकान. विजेच्या जळालेल्या डीपीचा अर्ज असो की लग्नाचा बायोडाटा, गाव त्यांच्याकडेच यायचं. अर्ज इतका नेटका, की साहेबाला परत पाठवायला कारण सापडू नये. माणूस मात्र मला तऱ्हेवाईक वाटायचा. दिवस मावळायच्या आत शटर खाली. माउस कायम ड्रॉवरमध्ये. कंट्रोल, आल्ट आणि एखादं अक्षर अशा तीन कळा एकदम दाबायच्या, की टायपिंगचा प्रोग्राम उघडायचा. दुसऱ्या अक्षरावर स्कॅनर, तिसऱ्यावर फोटो. मी चिडवायचो, "भाऊ, माउसनं तुमचं काय घोडं मारलं?" ते नुसते हसायचे.

एका सोमवारी मशिनीतली धूळ काढायला गेलो. भाऊ कागद पोचवायला ग्रामपंचायतीत गेले होते. स्क्रीनवर तीस-चाळीस आयकॉन दाटीवाटीनं बसलेले. मी सगळे उडवले. भाऊंच्या कळा त्याच आयकॉनांना जोडलेल्या असणार, आयकॉन गेला की कळ मेली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझा हात चालायला लागला की डोकं बंद पडतं. भाऊंची वाटही न बघता मी निघालो, आणि रस्ताभर खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन आला. "स्वप्निलभाऊ, कळा दाबून राहिलो, काहीच उघडत न्हाई. किसनराव कवाचे अर्जासाठी बसून हायेत."

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. पण चूक कबूल करायची सोडून मीच खेकसलो, "मग माउस घ्या की. खाली डाव्या कोपऱ्यात जा, तिथून उघडा."

ड्रॉवरचा आवाज आला. मग बराच वेळ टेबलावर माउस घासल्याची खरखर. आणि मग किसनरावांचा आवाज, "अहो, बाण तर तुमच्या नाकासमोर फिरून राहिला. दिसत न्हाई व्हय तुमाला?"

फोन बंद झाला.

मी तसाच गाडी काढून डोंगरकड्याला गेलो. दुकानात पाच-सहा माणसं जमली होती. एक जण भाऊंच्या कानाजवळ बोटं धरून विचारत होता, "हे किती?" भाऊ समोर बघत बसले होते.

भाऊंच्या बायकोनं, पल्लवीवहिनींनी, मला बाजूला नेऊन सांगितलं. तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं. नजर कडेकडून जात चालली होती, पाइपातून बघावं तेवढंच उरलं होतं. समोरचं अक्षर वाचता यायचं, पण स्क्रीनवरचा बाण सापडायचा नाही. अंधार पडला की काहीच नाही. म्हणून नवरा-बायकोनी दोन रविवार बसून त्या कळा लावल्या होत्या. भाऊ सांगायचे आणि जन्मात कॉम्प्युटरला हात न लावलेल्या वहिनी माउस फिरवायच्या. आयकॉनवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, तिथल्या चौकटीत अक्षर. टायपिंगला टी, स्कॅनरला एस, फोटोला एफ.

"आमच्या आकांक्षाच्या नर्सिंगचं एकच वर्ष राहिलं," वहिनी लेकीबद्दल म्हणाल्या. "तिला कळलं तर शिक्षण सोडून घरी येईल. तेवढं वर्ष निघू दे, एवढंच म्हणून राहिले होते हे."

मी खाली मान घालून बसलो आणि एकेक आयकॉन परत आणला, एकेक अक्षर परत लावलं. भाऊंनी तीन कळा दाबल्या. कोरं पान उघडलं. मी हळूच म्हणालो, "भाऊ, ते मीच उडवलं होतं."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "मशीन हाय, बिघडायचीच." घरातही त्यांनी तेवढंच सांगितलं. माझं नाव कुठंच घेतलं नाही.

गावाच्या मनात वाईट नव्हतं. कुणाला तरी कणव आली आणि त्यानं नांदेडला शिकणाऱ्या आकांक्षाला फोन केला. चौथ्या दिवशी आकांक्षा बॅग घेऊन दारात उभी. भाऊ रागावले, हात जोडले, दोन दिवस जेवले नाहीत. पोरगी परत गेली नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा प्रिंटर अडकला म्हणून गेलो होतो. खुर्चीवर आकांक्षा, हातात माउस. भाऊ भिंतीला टेकून स्टुलावर बसलेले, मांडीवर दोन्ही हात. पोरगी हुशार आहे. अर्ज बापासारखाच नेटका करते.

"काका," ती म्हणाली, "स्क्रीनवर किती आयकॉन पडून हायेत बघा. आलाच हायेत तर साफ करून द्या ना."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांची मान आवाजाच्या दिशेनं वळलेली होती.

"करून टाका, स्वप्निलभाऊ," ते म्हणाले. "आता कुणाला लागून राहिलेत?"

माझ्यानं ते झालं नाही. त्या पोरीचं वर्ष मी खाल्लं होतं, आणि ती मला विचारत होती, चहात साखर किती घालू म्हणून.