डावीकडच्या डिस्कचा आवाज

रिपोर्टनुसार उजवी डिस्क खराब होती. बाई मात्र डावीकडे बोट दाखवत होत्या.

"आवाज इकडून येतोय," त्या म्हणाल्या. "एक टिक. मग थांबून परत एक."

मी कॅबिनेटला कान लावला. मला फक्त पंखा ऐकू आला.

बाई म्हणजे मला नववीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई. रिटायर होऊन नाशिकला गंगापूर रोडवर एकट्या राहायच्या. नव्वदच्या दशकात, नोकरीत असताना, हिवाळ्यातले त्यांचे बहुतेक शनिवार सायखेड्याला मैत्रिणीकडे मुक्कामी जायचे. रविवारी उजाडायच्या आधी त्या गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठाशी बसायच्या, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. बदकं, क्रौंच, चक्रवाक, जे बोलेल ते टिपायचं. पुढे कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा मी ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून दिलं आणि त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात एक छोटा सर्व्हर बसवला. कॅसेट त्यांनी टाकून दिल्या. मीच टाका म्हणालो होतो.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, मिररमध्ये. म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तर दुसरी काम चालू ठेवते, आणि गेलेलीच्या जागी नवी लावली की जिवंत डिस्कवरून नवीवर सगळं उतरतं. त्याला आम्ही रीबिल्ड म्हणतो. सोपं काम. दोन-तीन तास नुसतं बसून राहायचं.

तर उजवी डिस्क. मी बाईंना समजावलं की प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, उजवीच्या नोंदीत एररच एरर आहेत आणि डावीची नोंद स्वच्छ आहे. त्यांनी ऐकून घेतलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलालाही त्या पूर्ण बोलू द्यायच्या. मग "तुझं काम तू बघ" म्हणून चहा ठेवायला गेल्या.

मशीन बंद केलं. स्टिकरवरचा सीरियल नंबर रिपोर्टशी ताडून पाहिला, उजवी काढली, नवी लावली, रीबिल्ड सुरू केलं. सकाळचे अकरा वाजले होते. एप्रिल महिना. बाईंनी खिडकीला ओला पडदा लावला होता, त्यामुळे खोलीत हिरवट अंधार होता आणि वाळ्याचा वास. स्क्रीनवर टक्के चढत होते. चार. नऊ. चौदा. असं काम चालू असताना वेळ सांडून गेल्यासारखा होतो. आपण करायचं काही नसतं, आणि उठूनही जाता येत नाही.

एकतीस टक्क्यांवर आकडा थांबला. आणि मग मलाही ऐकू आलं. टिक. मध्ये बराच वेळ काही नाही. टिक.

डावीकडून.

कारण कळायला वेळ लागला नाही. डिस्कच्या नोंदीत फक्त वाचल्या गेलेल्या जागांचा हिशेब असतो. ज्या कोपऱ्यात वर्षभर कोणी फिरकलंच नाही, तिथे काय झालंय ते डिस्कलाही माहीत नसतं. रीबिल्ड सगळे कोपरे वाचतं. आणि आता जगातली एकमेव चालू कॉपी त्या टिकटिकणाऱ्या डिस्कवर होती.

मी रीबिल्ड थांबवलं आणि बाईंना खरं ते सांगितलं. डावीही जातेय, तुम्ही बरोबर होतात. आता सगळं एकदम उतरवत बसलो तर मध्येच बंद पडेल. एकेक फाइल काढू. किती निघतील सांगता येत नाही. आधी कुठली काढायची ते तुम्ही सांगा.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही आणली. शेकडो रेकॉर्डिंगची यादी, त्यांच्या ठसठशीत अक्षरात. मला वाटलं क्रौंचांपासून सुरू करतील. त्यांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. नोंद होती, "पाणी. काही नाही. वीस मिनिटं."

"यात तर पक्षीच नाही, बाई."

"नाहीच," त्या म्हणाल्या. "पक्षी अजून येतात रे. दुसरं कोणीतरी टिपेल. पण आता काठावर पाणी उपसायच्या मोटारी बसल्यात. एवढं शांत तिथे परत होणार नाही."

ती फाइल आधी काढली. नवीवर उतरल्यावर त्यांनी ती लावायला सांगितली. आधी वाटलं स्पीकर बंद आहे. मग लांबवर पाण्याची एक चुळबुळ, लव्हाळ्यातून जाणारा वारा, आणि मांडी बदलताना झालेली साडीची सळसळ. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं आणि आम्ही दोघं धुक्यात बसलो होतो. मी डोळे मिटले. काही वेळ नाशिक नव्हतं, सर्व्हर नव्हता, मी चाळिशीचा माणूसही नव्हतो.

दुपारभर असंच चाललं. त्या नाव सांगायच्या, मी फाइल ओढायचो, ती आली की थोडी ऐकायचो. मध्ये डिस्क टिकटिकली की दोघंही स्क्रीनवरचा आकडा बघायचो. कधी मला डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा खोलीत बदकं उडत असायची आणि बाई खुर्चीत डोळे मिटून, ओठांनी काहीतरी मोजत.

साडेपाचला यादी संपली. तीन फाइल सोडून सगळं आलं होतं. मग मी सकाळी काढून ठेवलेली उजवी डिस्क परत जोडली. दोन्ही डिस्क खराब असल्या तरी खराब जागा त्याच असतील असं नाही, हा हिशेब. दोन फाइल तिच्यावरून निघाल्या. तिसरी घेताना ती फिरायचीच थांबली. ते चक्रवाकाच्या जोडीचं रेकॉर्डिंग होतं. मी माफी मागितली.

बाई म्हणाल्या, "वहीत नाव राहू दे. होतं म्हणून तरी कळेल."

चूक माझीच होती. दोन्ही डिस्क मी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढून बसवल्या होत्या. एकाच लॉटच्या, तेवढीच वर्षं चाललेल्या. एक थकली तेव्हा दुसरीही थकलेली असणार, हे मला सुचायला हवं होतं. तेव्हापासून मिररसाठी मी दोन वेगळ्या लॉटच्या डिस्क घेतो, आणि मिररला बॅकअप म्हणत नाही. बाईंच्या रेकॉर्डिंगची वेगळी कॉपी एका छोट्या डिस्कवर करून मी त्यांच्या सटाण्याच्या भाचीकडे नेऊन ठेवली. भाचीने ती साड्यांच्या घडीत ठेवली आणि अजून एकदाही लावून पाहिलेली नाही. सगळ्यात भरवशाची कॉपी तीच आहे, असं बाईंना वाटतं. मला तसं वाटत नाही. दर दिवाळीनंतर मी सटाण्याला जाऊन ती तपासून येतो.