डिस्कखाली दबलेला आठवडा

टाइपरायटर दुरुस्त करत करत मी कॉम्प्युटरपर्यंत आलो. परभणीत स्टेशनजवळच्या एका बियाणे कंपनीच्या कचेरीला टाइपिंगची माणसं पुरवायचं कंत्राट मी भांडून मिळवलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन वर्षं उलटली होती, पाटी मात्र जुनीच होती. माझ्या माणसांत पेडगावची एक मुलगी होती. आमच्याच समाजाची, घरात पहिला पगार आणणारी.

कचेरीच्या युनिक्स मशीनला दोन डिस्क होत्या. शेतकऱ्यांच्या नोंदी मोठ्या डिस्कवर जात. वीज गेली की ती सुटायची. मग हुकूम टाइप करून ती पहिल्या डिस्कवरच्या एका रिकाम्या डिरेक्टरीवर पुन्हा जोडावी लागे. याला माउंट करणं म्हणत. त्याचा पासवर्ड फक्त इन्चार्जकडे.

एके दिवशी पडद्यावर 'जागा संपली' असं आलं. इन्चार्ज तणतणत आला, त्यानं काहीतरी टाइप केलं आणि मुलीनं आठवडाभर भरलेल्या नोंदी दिसेनाशा झाल्या.

"पुसल्या हिनं. नामांतराचा राग आमच्या कामावर काढायलीय," सगळ्यांदेखत तो म्हणाला.

"साहेब, म्या कायबी पुसलं न्हाई," एवढंच ती बोलली. तिला त्याच वेळी बाहेर काढलं.

मला कळलं तेव्हा डोकं फिरलं. कचेरीत जाऊन मी डीएफ टाइप केलं. कोणत्या डिस्कवर किती जागा गेली हे त्यातून दिसतं, त्याला पासवर्ड लागत नाही. मोठ्या डिस्कवर मोकळी जागा होती. पहिली अजूनही गच्च.

"साहेब, माल गेला म्हणता, मग गोदाम भरलेलं कसं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मोठी डिस्क सोडवा. तिच्याखाली काही निघालं न्हाई तर कंत्राट सोडतो. निघालं तर सगळ्यांदेखत तिची माफी मागायची. बोला."

कंत्राट त्याला मेव्हण्याला द्यायचं होतं. तो लगेच "मंजूर" म्हणाला. सगळ्यांना टर्मिनलवरून उठवून त्यानं डिस्क सोडवली. रिकामी असायला हवी त्या डिरेक्टरीत आठवड्याच्या सगळ्या नोंदी होत्या. आठवड्यापूर्वी वीज जाऊन आल्यावर यानंच डिस्क जोडली नव्हती. पोरगी टाइप करत राहिली, सगळं पहिल्या डिस्कवर साठत गेलं. मग यानं वरून मोठी डिस्क जोडली आणि ते झाकलं गेलं.

"सापडलं ना? मग झालं. पाठव उद्या तिला कामावर," तो म्हणाला.

"आणि माफी?"

"अरे, मशीनची चूक. मशीननं मागायची का माफी?" तो हसला. सगळी कचेरी हसली. मी टेबलावरचा कप भिंतीवर फेकला. माझ्या कंत्राटाचा निकाल तिथंच लागला.

संध्याकाळी पेडगावला गेलो. तिचा बाप दारातच बसला होता. नोंदी सापडल्याचं मी सांगितलं. आतून तिनं विचारलं, "दादा, समद्यांम्होरं माफीचं बोलले का साहेब?"

"न्हाई."

तिनं आतून चहाचा कप बाहेर सरकवला. मग बाप म्हणाला, "चहा घ्या. आन् आता तिला बोलवायला येऊ नका."

मी चहा घेतला. पुढं तो इन्चार्ज बढतीवर गेला. जाताना मशीन कसं सांभाळलं यावर त्यानं भाषण केलं म्हणतात.