डाग भरायचा ब्रश

आठ महिने मी एक कॅमेरा निवडत होतो. मॉडेलं दोनच, तरी माहितीपत्रकं चाळून चाळून त्यांच्या चिंध्या झाल्या. निर्मळ-नंदाखाल या गावांतली लग्नं करणारे बाकीचे फोटोग्राफर डिजिटल एसएलआर गळ्यात अडकवून फिरत होते आणि मी आपला अजून रोल भरतोय. गिऱ्हाइकं तोंडावर विचारायची, डिजिटल नाही का? मी म्हणायचो, दम धरा, नवं मॉडेल येतंय. कसलं डोंबलाचं मॉडेल! खरी अडचण घरात होती आणि ती बोलून दाखवायची माझी छाती नव्हती.

आमच्या स्टुडिओत डाग भरायचं काम बायको करायची. निगेटिव्हवर धूळ बसली की मोठ्या फोटोत पांढरे ठिपके उमटतात. पाचूबंदरच्या लोकांना नवरा-नवरीचा फोटो दारातून आत शिरल्या शिरल्या दिसेल एवढा मोठा लागायचा, मग ठिपकेही तेवढेच मोठे. बारीक ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करून ती एकेक ठिपका रंगानं बुजवायची. वीस वर्षं. जीभ कायम करडी. फोटोमागे शिक्का मात्र माझ्या नावाचा. डिजिटल आला की तिचं हे काम संपणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मी मेगापिक्सेल मोजत बसलो होतो.

शेवटी एका रविवारी तीच म्हणाली, चला, मीही येते. दुकानदारानं दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले आणि त्याची टकळी सुरू झाली. मला नुसतं उभं राहायचाही कंटाळा आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, लेन्स बदलताना जपा, आत धूळ गेली तर फोटोवर डाग येतात.

बायकोनं मान वर केली. "मग ते डाग कोण भरतं?"

"कॉम्प्युटर, वहिनी. एका क्लिकमध्ये."

तिनं दोन्ही कॅमेरे हातात तोलून बघितले आणि एक माझ्यापुढे सरकवला. "हा घ्या. हलका आहे. तुमचा खांदा गेलाय."

घरी आलो तो तसाच तिच्या टेबलाशी गेलो. आता तरी सांगून टाकावं, असं मनात होतं. टेबलावर ब्रश धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून ठेवलेला.

"सकाळीच ठेवला," ती मागून म्हणाली. "आठ महिने वाट बघितली, तुम्ही काही सांगेनात."