अक्काचं जाड अक्षराचं कॅलेंडर

गेल्या वर्षी नवरात्रात मी घरी बसून एक कॅलेंडर बनवलं. जळगावात कॅलेंडरं मिळत नाहीत असं नाही... पण अक्काला चालेल असं मिळत नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जामनेरला असते. दाजी जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा गिरीश पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरात ती एकटीच. डोळे अधू झाल्यापासून कॅलेंडरवरचा मोठा आकडा तिला दिसतो, खालची बारीक तिथी दिसत नाही. आणि तिला हवी असते ती तिथीच.

मी रिटायर्ड ड्राफ्ट्समन, असल्या कामाला हात शिवशिवतात. ड्रॉइंग पेपरचे सहा कागद मधोमध दुमडले, दाभणानं भोकं पाडली, जाड दोऱ्यानं शिवले. दुमडल्यावर आतली पानं जराशी बाहेर येतात, ती स्टीलची पट्टी धरून ब्लेडनं सरळ केली. कव्हर एका जुन्या लग्नपत्रिकेचं... नवरानवरीची नावं आतल्या बाजूला गेली.

महिन्याला दोन पानं. एकादशी, चतुर्थी, अमावस्या, पौर्णिमा काळ्या मार्करनं ठळक लिहिल्या, आणि 'दाजींची तिथी' लाल मार्करनं. माघ वद्य सप्तमी. नव्या वर्षाची कॅलेंडरं तेव्हा दुकानात आली नव्हती, म्हणून सगळं फोनमधल्या पंचांगातून उतरवलं. बायको म्हणाली, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. मी म्हटलं, उतरवायचंच तर आहे...

अक्काला वही आवडली. तिनं लगेच फोनवर गिरीशला त्यातल्या तारखा वाचून दाखवल्या. दाजींची तिथी दरवर्षी फेब्रुवारीच्या आगेमागे यायची आणि तेव्हा गिरीशच्या ऑफिसात ऑडिट, त्यामुळे त्याला कधी येताच आलं नव्हतं. यंदा तिथी जानेवारीत आहे म्हटल्यावर तो म्हणाला, येतो. हे अक्कानं मला फोन करून दोनदा सांगितलं.

तिथी इतकी अलीकडे कशी आली, हे खरं तर मला खटकायला हवं होतं. मागेपुढे होतच असते, म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी सकाळच्या बसनं जामनेरला पोचलो. खीर झाली होती, गंगाफळाची भाजी झाली होती, गॅसवर कढी होती. गिरीश आदल्या दिवशीच आलेला... अंगणात बसून गोवरी पेटवत होता. तिच्या निखाऱ्यावर तूप सोडून पितरांच्या नावानं घास टाकायचा, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. अकरा वर्षं ती मीच टाकत आलो.

हात धुऊन वळलो तर भिंतीवर खताच्या दुकानाचं नवं कॅलेंडर. सहज नजर गेली. पौष वद्य सप्तमी... चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, पौषच.

फोन काढला तेव्हा घोळ कळला. ते पंचांग मी काशीच्या ट्रिपमध्ये घेतलेलं, हिंदीतलं. तिकडे पौर्णिमा झाली की पुढचा महिना लागतो, आपल्याकडे अमावस्या झाल्यावर. त्यामुळे वद्य पंधरवड्याला आपण पौष म्हणतो तेव्हा त्यांचा माघ सुरू झालेला असतो. एकादशी-चतुर्थी दोन्हीकडे त्याच दिवशी येतात, म्हणून वहीतलं बाकी सगळं बरोबर होतं. चुकली ती एकच तिथी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती... आणि चुकली तीही सबंध महिन्यानं.

तिथीच्या बाबतीत अक्का फार कडक आहे. एका वर्षी अंगात ताप असताना उठून तिनं सगळा स्वयंपाक केला होता. उद्या करू म्हणालो तर दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती.

गप्प बसावं असं एकदा मनात आलं. पण तिची तिथी, तिचा नवरा... मी तिला स्वयंपाकघरात गाठून सांगून टाकलं. फार लाज वाटत होती.

 ती हातात पळी तशीच धरून दारातून अंगणात बघत राहिली. गिरीश निखाऱ्यावर फुंकर घालत होता आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून ते बाहीनं पुसत होता. मग तिनं गॅस बंद केला.

"त्याले सांगू नको, भाऊ," म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं.

आगारी गिरीशनं टाकली. तूप किती सोडायचं, हेही त्याला माहीत नव्हतं, अक्कानं शेजारी बसून सांगितलं. जेवताना तो दाजींबद्दल बोलत सुटला... दाजी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून बाजारात न्यायचे, केळी स्वतः निवडू द्यायचे, असं काहीबाही. अकरा वर्षांत त्याला वडिलांबद्दल इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत खरी तिथी आली. पुन्हा खीर, पुन्हा आगारी, आम्ही दोघंच. ताटं उचलताना अक्का म्हणाली, "पुढच्या सालीबी जानेवारीतच लिहजो. ही आपली आपण करू."

परवा यंदाची वही शिवून झाली. जानेवारीच्या पानावर तिथी लाल मार्करनं लिहिली, मुद्दाम, चुकीच्याच जागी. फेब्रुवारीतल्या चौकटीत फक्त एक टिंब दिलं, अक्काला दिसेल एवढं मोठं. कुणी विचारलं तर सिलिंडरची तारीख म्हणून सांगायचं, असं आमचं ठरलंय.

गिरीश फेसबुक बघत नाही असं तो म्हणतो. तरी, गिरीश, चुकून हे वाचलंस तर आईला काही बोलू नकोस... तिकीट जानेवारीचंच काढ.