बोटांना न कळलेला चरा

शोरूममध्ये सगळे त्यांना पॉलिशकाका म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ट्रकमधून उतरलेली नवी मोटरसायकल गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी ती नवी करायची. हे ऐकून लोकांना हसू येई. नवी गाडी आणखी नवी काय करणार? पण कारखान्यातून निघालेली गाडी वाटेत आठ-आठ दिवस धूळ खाते, फोमचे तुकडे टाकीला चिकटतात, प्लॅस्टिक सोललं की मागे गोंदाचे पट्टे राहतात. इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत काका हे सगळं निस्तरत. आधी नुसतं पाणी सोडायचं, मग शांपू, मग मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि शेवटी मेणाचं पॉलिश. एका गाडीला पाऊण तास. घाई केलेली त्यांना खपत नसे. मॅनेजर दारात येऊन घड्याळ बघू लागला की ते मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून पाणी सोडत.

त्यांची खरी करामत बोटांत होती. डोळ्यांना दिसायच्या आधी चरा त्यांच्या बोटांना लागे. कापड वापरण्याआधी ते चिमटीत धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चोळत. त्यात वाळूचा एखादा कण अडकला असेल तर तिथेच थांबत, कापड बाजूला टाकत. सर्व्हिसिंगची मंडळी कागदाखाली केस ठेवून त्यांची परीक्षा घेत आणि चहाच्या पैजा हरत.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. ती म्हणे, "अहो, एकदा आपल्या कपाटावरूनही हात फिरवा. त्याच्याही नशिबात काही असू दे."

बोटांतलं कळणं नेमकं कधी गेलं हे काकांना सांगता आलं नाही. दुखत असतं तर लक्ष गेलं असतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला, एवढंच. त्याला त्यांनी वयाचं नाव दिलं. मग एके दिवशी जेवायला बसल्यावर बायकोने त्यांच्या तळहातावरचा टरटरून आलेला फोड पाहिला.

"हे कधी झालं?"

काकांनी हात उलटा करून पाहिला. "दुपारी असेल. एक गाडी चालू करून बघितली होती, तिचा सायलेन्सर गरम होता."

"असेल म्हणजे? तुम्हाला कळलं नाही?"

भाजल्याचा वास आला होता हे काकांना आठवत होतं. पण तो वास कुठून येतोय म्हणून त्यांनी खोलीभर पाहिलं होतं, स्वतःच्या हाताकडे सोडून.

दुसऱ्या दिवशी बायकोने शिलाई मशीन बंद ठेवलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. टोचलं की सांगा, म्हणाल्या. काका डोळे मिटून बसून राहिले. शेवटी म्हणाले, "टोचा की."

"दहा वेळा टोचून झालं, काका," बाई म्हणाल्या.

रक्तातली साखर किती वर्षांपासून वाढलेली होती कोण जाणे, तिनेच हातापायांच्या नसा बधिर केल्या होत्या. गेलेलं परत येईल अशी आशा फारशी धरू नका, आहे ते सांभाळायचं, असं बाईंनी समजावलं. गोळ्या लिहून दिल्या, पायांकडेही लक्ष ठेवा म्हणाल्या. घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडली. काका बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले. एकच बातमी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा ती कशाबद्दल होती ते डोक्यात शिरलं नाही. आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं त्यांना समजत होतं. वाट पाहिली. वाटलं नाही. शेजारच्या कुणाचं तरी दुखणं ऐकावं तसं ते वाटत होतं.

शोरूममध्ये त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. सांगण्यासारखं तोंडात आलं नाही, इतकंच. ते आता कापड खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत. पैजेची वेळ आली की आज काम आहे म्हणत. अशा रीतीने चार महिने निघाले.

मग एक नर्स तिच्या वडिलांबरोबर गाडी न्यायला आली. काळ्या रंगाची, तिची पहिलीच गाडी. काळा रंग सगळ्यात खोडकर, काही झाकत नाही. किल्ली हातात घेऊन ती टाकीवर वाकली आणि तशीच राहिली. टाकीच्या डाव्या बाजूला वीतभर लांब, केसाएवढ्या बारीक चऱ्यांचा पट्टा उठला होता, हात गोल फिरतो तसा गोल.

तिने आवाज चढवला नाही. "हे आधीपासून आहे का?" एवढंच विचारलं.

मॅनेजर म्हणाला, ट्रकमध्ये झालं असेल, ताई. असं होतं कधीकधी. त्याने काकांकडे पाहिलं, मान डोलवा अशा अर्थाने. काकांनी टाकीवर बोट ठेवून पुढे-मागे फिरवलं. काही लागलं नाही. काचेवरून फिरवावं तसं गुळगुळीत. चरे मात्र समोर दिसत होते.

"ट्रकमध्ये नाही झालं," ते म्हणाले. "माझ्या कापडात कण होता. मला कळला नाही."

नर्सने टाकीऐवजी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. तळहातावरचा भाजल्याचा जुना डागही तिच्या नजरेतून सुटला नाही. साखर आहे का, विचारलं. काकांनी हो म्हटलं. तिच्या वडिलांनी मग गाडीबद्दल काही विचारलं नाही. टाकी बदलून दोन दिवसांनी न्या, असं मॅनेजरने सांगितलं आणि ते दोघं रिक्षाने परत गेले.

मॅनेजर काकांहून वीस वर्षांनी लहान. त्याने त्यांना केबिनमध्ये बसवलं, पंख्याचं बटण दोनदा दाबलं आणि बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे केले. शेवटी म्हणाला, "काका, मागच्या खोलीत आता नको. पण घरीही नको बसायला."

काका ठीक आहे म्हणाले. पत्र्याच्या खोलीत सर्व्हिसिंगमधला एक चाळिशीचा मेकॅनिक आला. काकांनी त्याला सगळं शिकवलं. कापडं मात्र त्यांची बायको धुऊन देऊ लागली. ती प्रत्येक कापड गालावर फिरवून बघे, खुपलं की परत पाण्यात टाके. गणवेशांच्या ढिगाशेजारी त्या कापडांचा ढीग लागे.

काकांना पुढच्या दालनात खुर्ची मिळाली. गाडी नेणाऱ्याला दहा मिनिटं समजावून सांगायचं. कोरडी धूळ कधीच पुसायची नाही, आधी पाणी सोडायचं. भांड्यांचा साबण भांड्यांनाच ठेवायचा. उन्हात तापलेली गाडी धुवायची नाही. पक्ष्याने प्रसाद दिला तर लगेच धुऊन टाकायचा, उद्यावर टाकला तर रंग खाल्ला म्हणून समजा. पेट्रोल सांडलं की तिथल्या तिथे टिपायचं. किल्लीला घुंगरं लावायची नाहीत. ओल्या गाडीवर कव्हर घालायचं नाही. लोक ऐकत, हसत, काही जण लिहूनही घेत. बोलताना काकांचा आवाज एका पट्टीत राही. गिऱ्हाइकांना ते अनुभवाचं लक्षण वाटे.

नवा माणूस गाड्या चांगल्या करू लागला. एकदा कागदाखालचा केस त्याने पहिल्या फटक्यात शोधला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. हात एकमेकांवर आपटतायत हे त्यांना आवाजावरून कळलं.

आता रोज संध्याकाळी शोरूममधून आल्यावर ते पाय धुतात आणि पलंगावर बसतात. बायको मशीनवरून उठते, चष्मा लावते आणि त्यांचे तळवे एकेक करून मांडीवर घेऊन बघते. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखांच्या कडा. कुठे चीर नाही ना, काही रुतलं नाही ना.

"इथे दाबलेलं कळतंय का?"

"नाही."

"आणि इथे?"

"नाही."

ती दुसरा पाय घेते. काका खिडकीबाहेर बघत बसतात. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी झटकत असतं. बघून झालं की ती पायांना तेल लावते, मोजे चढवते आणि उरलेल्या कॉलरी शिवायला परत मशीनकडे जाते.